सांधा

गुनवोरबाई आल्या तेव्हा
वागळे इस्टेटच्या कपबशीच्या कारखान्यात
आम्ही एकशे दहा बाया होतो.
त्यांच्या पायांत लाकडी तळाच्या चपला,
फरशीवर टकटक वाजायच्या.
खडावा घातल्यात, संन्यास घेतला की काय,
म्हणून डबा खाताना आम्ही हसलो.
आडनाव कुणालाच म्हणता येईना.
हजेरीपटावर टिपणीसांनी नुसतं लिहिलं : स्वीडन.

माझं काम रेघेचं.
डाव्या हातानं चाक फिरवायचं,
उजव्या हातात खारीच्या केसांचा ब्रश,
श्वास धरायचा,
बशीच्या काठाला एक वेढा,
सोडायचा.
दिवसाला चारशे.
हे त्यांनी मोजलं. मी कधी मोजलं नव्हतं.

एका रविवारी ओहोटीला
त्यांना चेंदणीच्या बंदरावर नेलं.
पाहुणे होड्या बघतात.
ही बाई चिखलात उकिडवी बसली
तिवराच्या मुळांपुढे.
खालून वर आलेली, बोटभर, टोकदार,
हजारो, आणि एकाची उंची दुसऱ्याला नाही.
ही कशाला? त्यांनी हातानं विचारलं.
मी छाती फुगवून दाखवली.
भरतीचं पाणी टाचांना लागलं
तेव्हा कुठे पेन्सिल कानावर गेली.

मग महिनाभर कोबाल्ट.
भट्टीत जाताना चुलीच्या राखेसारखा,
आत गेल्यावर निळा होतो,
कुणी बघत नसताना.

नक्षी कपाला वळसा घालून
जिथं स्वतःला भेटते, तो सांधा
कपाच्या कानामागे लपवायचा,
एवढं आम्हालाही ठाऊक होतं.
पण त्या कापडाच्याही होत्या.
पडदे, चादरी, गावच्या गिरणीसाठी
वीस वर्षं काढलेली फुलं.
म्हणाल्या (टिपणीस मराठी करून सांगायचे) :
कापडाला कान नसतो.
तिथं सांधा दाटीत सोडायचा,
दोन पानं एकमेकांवर पडतात तिथं,
आणि मग आपणही विसरायचं, कुठं होता.

एकदा दुपारी तार आली.
काय होतं त्यात, टिपणीसांनी सांगितलं नाही.
गुनवोरबाईंनी मला स्टुलावरून उठवलं,
स्वतः बसल्या, चाक फिरवलं.
पाच बश्या नीट.
सहावीची रेघ सुरुवातीपर्यंत पोचली नाही.
तांदळाच्या दाण्याएवढी फट.
त्यांनी ती बशी उजेडात धरली,
बराच वेळ,
आणि रिजेक्टच्या टोपलीत ठेवली. टाकली नाही, ठेवली.
शनिवारी गेटवर सेकंडचा माल निघाला,
मी चार आण्यांना ती घेतली.

मुळांचे बारा कप झाले, नमुन्याचे.
शेठ म्हणाले, लोक लग्नात टी-सेट देतात,
कोण देईल कुणाला चिखल?
गुलाब छापा.
गुलाब छापले. खपलेही खूप.
गुनवोरबाई फेब्रुवारीत गेल्या.
जाताना मला ब्रश दिला, माझ्यापेक्षा बारीक केसांचा.
तो मी वापरला नाही, मोडेल म्हणून.
मग उंदरांनी खाल्ला.

कारखान्याच्या जागी आता बत्तीस मजले आहेत.
परवा सून घेऊन गेली तुर्भ्याला,
त्या निळ्यापिवळ्या भल्यामोठ्या दुकानात.
चालून चालून गुडघे दुखले
म्हणून एका विकायच्या सोफ्यावर टेकले.
शेजारी उशी.
पांढऱ्यावर निळ्या उभ्या रेघा,
बोटभर, टोकदार, कुठलीच दुसरीएवढी नाही.
गवत असेल. पाऊस असेल.
त्यांच्याकडची झाडं असतील बर्फातली, मला काय माहीत.
चिठ्ठीवर नाव होतं, ते कुणाला वाचता येईना.

मी उशी मांडीवर घेतली
आणि अंगठा फिरवायला लागले,
काठापासून काठापर्यंत, ओळीनं.
दुकानातली मुलगी दोनदा येऊन गेली.
सून म्हणाली, आई, काय शोधताय? डाग आहे का?

नाही, म्हटलं.
थांब जरा.
अजून अर्धी उशी राहिलीय.